तळ्याकाठच्या वनाची नोंद

बंगळूरच्या दक्षिणेस आनेकल तालुका आहे. त्याला लागून बन्नेरघट्ट्याचे अरण्य असून तेथील हत्ती रात्री-अपरात्री गावतळ्यांवर उतरतात. एकदा कामानिमित्त मी तिकडे गेलो असता शेतकऱ्यांनी मोडलेली झाडे दाखविली. "हत्तींनी राईच बुडविली," ते म्हणाले. बरोबरचे गृहस्थ म्हणाले, "मोडलेले झाड पुन्हा फुटते." मी विचारले, पाच वर्षांपूर्वी येथे झाडे किती होती? त्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

त्या वेळी मला स्कॉटलंडमधील एका प्रयोगाची आठवण झाली. बीव्हर हा उंदराच्या वर्गातील, परंतु वीस-वीस किलो वजनाचा जलचर प्राणी. दातांनी झाडे पाडून तो त्यांची साल खातो आणि फांद्या व चिखल रचून पाण्याला बांध घालतो. मऊ कातड्यासाठी व औषधी मानलेल्या स्रावासाठी त्याची अतोनात शिकार झाली आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास तो त्या देशातून नाहीसा झाला. पुढे मे 2009 मध्ये नॉर्वेहून आणलेली काही कुटुंबे पश्चिमेकडील नॅपडेलच्या तळ्यांत सोडण्यात आली.

परंतु प्राणी सोडून कोणी स्वस्थ बसले नाही. जेम्स हटन संस्थेच्या अभ्यासकांनी काठावर जागा आखल्या, झाडांची नोंद केली आणि पाच वर्षांच्या प्रयोगकाळात त्याच जागा पुनःपुन्हा तपासल्या. बीव्हरची कुरतड बहुधा पाण्यालगतच राहिली. वाळुंजाच्या कुळातील झाडे त्याला विशेष प्रिय ठरली. पाडलेल्या अनेक बुंध्यांना धुमारे फुटले. मात्र हरणांनी ते खुडले तर नवे वन उभे राहणे कठीण, हेही दिसून आले. बांधामुळे पाणी पसरले तेथे काही झाडे बुडाली. म्हणजे दोन्ही पक्षांचे म्हणणे काही अंशी खरे ठरले. या व अशाच इतर नोंदी समोर ठेवून 2016 मध्ये सरकारने बीव्हरला राहू देण्याचे ठरविले आणि 2019 मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले.

आनेकलचा हत्ती कोणी आणून सोडलेला नाही, तो तेथलाच. तरीही, श्रोतेहो, प्रश्न तोच आहे. निदान एका तळ्याकाठची झाडे आज मोजून ठेवली, तर पाच वर्षांनी तेथे जाणाऱ्याला माझ्यासारखे निरुत्तर होऊन परतावे लागणार नाही.