महाग्रेप्स : बागेपासून बोटीपर्यंत

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक, सांगली, सोलापूरचा द्राक्षमाल एकदमच बाजारात येतो आणि भाव बसतात. ऐंशीच्या दशकात हे दरवर्षीचे दुखणे होते. त्या वेळी परदेशी जाणारा माल मुख्यतः आखाती देशांत जाई. युरोपात दर चांगला होता. पण दोन-तीन एकरांच्या बागायतदाराने एकट्याने कंटेनर भरायचा कसा आणि तिकडचा खरेदीदार गाठायचा कसा?

या प्रश्नाला सहकारातूनच उत्तर मिळाले. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन पुण्यात ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था उभी केली. १९८४ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ तिच्या पाठीशी होते. अपेडा ही केंद्राची कृषी निर्यात विकास संस्था आणि राष्ट्रीय सहकारी विकास निगम यांचेही साहाय्य लाभले. द्राक्षे पिकवायची आणि गोळा करायची गावच्या संस्थेने, परदेशी विकायची महाग्रेप्सने, अशी कामाची वाटणी ठरली.

पहिली वर्षे कठीण गेली. समुद्रमार्गे तीन आठवड्यांचा प्रवास करून पोहोचलेला माल खरेदीदार नाकारत. नुकसान सोसून अनेक संस्था बाहेर पडल्या, सोळा टिकल्या. या सोळा संस्थांची चिकाटी हेच महाग्रेप्सचे खरे भांडवल होय.

नापास झालेल्या मालानेच पुढचे शिक्षण दिले. तोडणी सकाळच्या गारव्यात होऊ लागली. घडाला हात न लावता देठ धरायचा, कात्रीने खराब मणी काढायचे, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा कागद ठेवायचा आणि काही तासांत माल प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट गार करायला, लावायचा, ही शिस्त पॅकहाऊसमधल्या बायाबापड्यांच्या अंगवळणी पडली. त्यांच्या हातांची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही, म्हणून ती येथे करणे अगत्याचे आहे. बागेतही विरळणी, मण्याचा आकार आणि उतरलेली साखर यांचे मोजमाप सुरू झाले.

मग परीक्षा आली ती फवारणीच्या औषधांच्या फळातील उर्वरित अंशाची. २००३ च्या हंगामात युरोपात या कारणावरून भारतीय द्राक्षांवर आक्षेप आले आणि त्यानंतर उर्वरित अंश तपासणीची देशव्यापी व्यवस्था बसवण्यात आली. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिचा कणा ठरले. महाग्रेप्सच्या सभासदांनी युरोपीय खरेदीदार मागत ती चांगल्या शेतीपद्धतीची ‘युरेपगॅप’ प्रमाणपत्रे मिळवली. छोट्या शेतकऱ्याला न पेलणारा हा खर्च आणि कागदपत्रांचा व्याप गटामुळे आवाक्यात आला. अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ या संगणकीय नोंद-प्रणालीमुळे पेटीवरून थेट बागेचा माग काढता येऊ लागला.

तरीही २०१० मध्ये पुन्हा ठेच लागली. वाढनियंत्रक म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडल्याने युरोपात राज्यातील निर्यातदारांचा माल अडकला. तपासणीच्या यादीत तोवर हे रसायन नव्हतेच. बागायतदारांना मोठी झळ बसली. यादी मात्र सुधारली. अलीकडे लाल समुद्रातील अशांततेमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, तेव्हा माल अधिक दिवस टिकवण्याचे कसब पुन्हा कामी आले.

आज राज्यात निर्यातदार पुष्कळ आहेत. बागायतदाराने स्वतःच्या संस्थेमार्फत परदेशी विकावे, हा पायंडा महाग्रेप्सने घट्ट केला. ऑक्टोबर छाटणी उरकली की निर्यातीसाठी बागांची नोंदणी दरवर्षी नव्याने सुरू होते.