सरंजाम आणि वतन

आपल्या ज्ञातीत सोयरीक जुळविताना ‘आमचे घराणे सरंजामी’ असे वडीलधारी मंडळी अजूनही अभिमानाने सांगतात. त्याच घरातील तरुण मात्र ‘सरंजामशाही’ हा शब्द दूषण म्हणून योजतात. शब्दाचा मूळ अर्थ उभयतांच्याही ध्यानी नसतो. सरंजामदार म्हणजे जमिनीचा मालक, असे मीही वर्गात कित्येक वर्षे शिकवीत आलो. ती चूक येथे दुरुस्त करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

‘सरंजाम’ हा शब्द फारसीतून आलेला असून तयारी, सामग्री हा त्याचा अर्थ होय. लग्नाचा सरंजाम असे आपण आजही म्हणतो. फौजेच्या सामग्रीसाठी सरदारास काही गावांचा वसूल लावून देत, त्यासही तेच नाव पडले. दिला जाई तो वसूल. जमीन कसणाऱ्या मिरासदाराचा हक्क निराळा राही. नेमलेले स्वार चाकरीस हजर ठेवणे ही सरंजामाची अट असे आणि चाकरीत कसूर झाल्यास तो जप्तही होई.

वतनाची गोष्ट वेगळी. अरबीत ‘वतन’ म्हणजे जन्मभूमी. आपल्याकडे देशमुख, पाटील, कुलकर्णी, महार आदींचे कामाबद्दलचे वंशपरंपरागत हक्क म्हणजे वतन. ते भावाभावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई.

शिवछत्रपतींचा कटाक्ष रोख वेतनावर होता. राजाराम महाराजांच्या काळात (१६८९–१७००) मोगलांशी झुंजताना खजिना रिता झाला, तेव्हा सरदारांना मुलूख तोडून देणे भाग पडले. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत ही पद्धती स्थिरावली आणि पुढे बहुतेक सरंजाम पिढीजात झाले. चाकरी सैल झाली, तरी वसुलीचा भार रयतेवर राहिलाच.

युरोपातील ‘फ्यूडल’ व्यवस्थेस मराठीत ‘सरंजामशाही’ म्हणतात. उत्पन्न देऊन लष्करी चाकरी घेणे, हे दोहोंतील साम्य. परंतु तिकडे भूमीवर सरदाराची धनीपणाची सत्ता असे व अनेक ठिकाणी कसणारा भूदास जमिनीशी जखडलेला असे. म्हणून हा प्रतिशब्द जपून वापरावा.

परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या, तर कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने संपली. सरंजाम १९५२ च्या नियमांनी खालसा झाले. आता उरले ते पेटीतील मोडी कागद. ते जाणकाराकडून अवश्य वाचून घ्यावेत. मात्र गावांची नावे मोजण्याआधी, पूर्वजांनी कोणती चाकरी पत्करली होती आणि ती बजावली का, हे पाहावे.