बृहदांत्र व गुदाशयाचा कर्करोग : असाधारण स्थानी प्रसार

मोठे आतडे व गुदाशय यांच्या अंतःस्तरात उद्भवलेल्या मारक अर्बुदाच्या कोशिका मूळ स्थान सोडून रक्त, लसीका किंवा उदरपोकळी यांच्या मार्गे दूरच्या अवयवात जातात व तेथे वाढू लागतात, तेव्हा त्या नव्या गाठीस दुय्यम अर्बुद म्हणतात. या रोगाची दुय्यम अर्बुदे बहुधा यकृत, फुप्फुसे, लसीका ग्रंथी आणि उदरपोकळीचे अस्तर म्हणजे पर्युदर यांत आढळतात. अस्थी, मेंदू, त्वचा, नाभी, अधिवृक्क ग्रंथी, प्लीहा, अवटू ग्रंथी, स्नायू, हृदय अशा ठिकाणी ती विरळ असल्यामुळे तेथील प्रसारास असाधारण म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि विरळ म्हणजे अहेतुक नव्हे. अशा बहुतेक गाठींमागे शरीररचनेचा काही मार्ग वा अर्बुदाचा काही स्वभाव असतो, आणि मूळ रोगाची हकीगत वैद्यापुढे असेल तर तो ओळखता येतो.

कारणमीमांसा : मोठ्या आतड्यातील रक्त प्रतिहारी नीलेतून प्रथम यकृतात जाते, म्हणून यकृत हे या रोगाचे पहिले व सर्वांत मोठे मुक्कामाचे ठिकाण होय. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्त मात्र यकृत टाळून श्रोणीतील नीलांवाटे थेट अधोमहानीलेत उतरते. त्यामुळे तेथील अर्बुद यकृत निर्दोष असतानाही फुप्फुसात प्रकटू शकते. पाठीच्या कण्याभोवतीच्या नीलाजालात झडपा नसतात व खोकला, कुंथणे यांसारख्या दाबाने त्यातील प्रवाह उलट फिरू शकतो, असे ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखविले. त्रिकास्थी, कणा व क्वचित कवटी येथे आढळणाऱ्या गाठींचा काही अंशी उलगडा या मार्गाने होतो. केवळ प्रवाहाने सर्व गोष्टींचा निर्णय लागत नाही, हे स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच प्रतिपादिले होते : बी सर्वत्र उधळले तरी अनुकूल जमीन मिळेल तेथेच ते रुजते. हृदय व स्नायू यांतून रक्त अखंड वाहत असूनही तेथे दुय्यम अर्बुदे क्वचितच दिसतात, ती या मताला पुष्टी देणारी बाब होय.

अर्बुदाचा ऊतकप्रकार हाही महत्त्वाचा आहे. एका प्रकारात कोशिकेत श्लेष्मा साठून तिचे केंद्रक कडेला ढकलले जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती खडा बसविलेल्या अंगठीसारखी दिसते. या मुद्रिका-कोशिका अर्बुदाचा कल यकृतापेक्षा पर्युदर, अंडाशय व अस्थी यांकडे अधिक असतो. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार शेकडा एकाच्या आसपास आढळतो. मुंबईच्या परळ येथे १९४१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या आढाव्यात मात्र त्याचे प्रमाण शेकडा १३ होते आणि रुग्णांचे सरासरी वयही पन्नाशीच्या आत होते. भारतात हा रोग एकंदरीने कमी असला, तरी त्याचे वळण पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनाहून निराळे असू शकते, हे या आढाव्यावरून ध्यानात येते.

प्रमुख असाधारण स्थाने : अस्थींत दुय्यम गाठी शेकडा दहाहून कमी रुग्णांत होतात, रात्री न थांबणारी पाठदुखी, किरकोळ कारणाने हाड मोडणे व पायातील बळ जाणे ही त्यांची लक्षणे होत. मेंदूतील प्रसार शेकडा एक ते तीन रुग्णांत आढळतो व बहुधा फुप्फुसातील प्रसारानंतर येतो. स्त्रियांमध्ये दोन्ही अंडाशयांत एकदम वाढणाऱ्या गाठी मूळच्या अंडाशयाच्याच समजल्या जाण्याचा धोका मोठा असतो. नाभीतील गाठ टणक, वेदनारहित, कधी लालसर वा निळसर, तर कधी वरची त्वचा फुटून पाणी झिरपणारी अशी असते. लुगड्याच्या वा धोतराच्या गाठीखाली ती महिनोन्‌महिने झाकून राहते आणि दिसली तरी बेंबीचा हर्निया म्हणून सोडून दिली जाते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील शस्त्रक्रिया-साहाय्यिका सिस्टर मेरी जोसेफ यांनी या गाठीचा पोटातील कर्करोगाशी असलेला संबंध प्रथम हेरला. म्हणून १९४९ पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. भगंदराच्या जुन्या व्रणात वरच्या अर्बुदातून गळालेल्या कोशिका रुजल्याचीही उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत.

निदान : रक्तातील कार्सिनोएंब्रियॉनिक प्रतिजनाची वाढ, सीटी व पेट तपासणी यांनी शंका बळावते, परंतु निर्णय ऊतकपरीक्षेनेच होतो. गाठीचा तुकडा काढून त्यावर विशिष्ट रंजनक्रिया केल्यास आतड्यातील कोशिका बहुधा सीके२० व सीडीएक्स२ यांस प्रतिसाद देतात व सीके७ यास देत नाहीत. या खुणेवरून अंडाशय, फुप्फुस किंवा अवटू यांतील गाठ मूळची की बाहेरून आलेली, हे ठरविणे सुकर होते.

प्रादेशिक विशेष : नागपूर-चंद्रपूर मार्गावरील भद्रावती हे कोळशाच्या खाणी व आयुधनिर्माणी यांचे गाव असून त्याच्या पूर्वेस गडचिरोलीपर्यंत अरण्यप्रदेश पसरला आहे. या टापूत क्षयरोग व सिकलसेल हे विकार जुने आहेत आणि त्यांची लक्षणे कर्करोगाच्या प्रसाराशी मिळतीजुळती आहेत. सिकलसेलच्या रुग्णाची हाडे दुखतात व अंगात रक्त कमी असते. उजव्या बाजूच्या आतड्याचे अर्बुदही नकळत रक्त झिरपून रक्तक्षय घडविते, आणि अस्थींत पसरल्यावर हाडे दुखविते. कण्याचा क्षय व कण्यातील दुय्यम गाठ, मानेतील क्षयाच्या गाठी व कर्करोगाने सुजलेली ग्रंथी, लहान व मोठ्या आतड्याच्या संधीवरील क्षय व तेथील अर्बुद या जोड्यांतही असाच घोटाळा होतो. शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून घरगुती इलाज चालू ठेवणे ही तर सर्वत्र आढळणारी चूक होय. प्रौढ माणसास नव्याने रक्तक्षय झाला किंवा शौचाची सवय बदलली, तर परिचित विकाराचा दाखला हाती असला तरी आतड्याची अंतर्दर्शक तपासणी चुकवू नये.

उपचार व पूर्वानुमान : असाधारण स्थानीचा प्रसार हा बहुधा रोग सर्व शरीरात पोचल्याचा द्योतक असतो, म्हणून फ्लुओरोयुरॅसिल, ऑक्झॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन इत्यादी औषधांवर मुख्य भिस्त असते व रास जनुकाची तपासणी करून लक्ष्यवेधी औषधांची निवड केली जाते. गाठ एकटीच असून पूर्णपणे काढता येण्यासारखी असेल, तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हितावह ठरते. अस्थींच्या वेदनेवर किरणोपचाराचा व मॉर्फिनचा चांगला उपयोग होतो. रोग बरा होण्याजोगा नसला तरी वेदनेचा परिहार हा रुग्णाचा हक्क आहे.

भद्रावतीच्या रुग्णाची रवानगी चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा थेट परळ अशी कोठेही होऊ शकते, आणि दर मुक्कामी वैद्य बदलतो. पहिल्या शस्त्रक्रियेची कैफियत, ऊतकपरीक्षेचा अहवाल व शक्य तर ऊतकाचा मूळ ठोकळा हे दफ्तर रुग्णाबरोबर फिरले, तर काही वर्षांनी खांद्यात वा बेंबीत उठलेल्या गाठीचे मूळ शोधण्यात जाणारे आठवडे वाचतात. म्हणून घरी परत पाठविताना हे कागद कुटुंबाच्या हाती देणे व ते जपून ठेवण्याचे कारण समजावून सांगणे, हा या रोगाच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.