ज्यांची खबर हरवली : कालिकत, परभणी आणि मुंबईचे तीन शोध

फिक्हच्या पुस्तकांत हरवलेल्या माणसासाठी एक शब्द येतो : मफकूद-उल-खबर. फतव्यांत आणि दारुल-कजाच्या निकालांत तो आजही वापरतात. मफकूद म्हणजे हरवलेला. पण शब्द पूर्ण वाचला तर लक्षात येतं की हरवली आहे ती खबर. माणूस कुठेतरी आहेच, जमिनीवर किंवा जमिनीखाली. तो कुठे आहे हे सांगणारं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठीतला ‘बेपत्ता’ही असाच आहे. माणूस आहे, पत्ता नाही.

अशा माणसाचं काय करायचं हे कायद्याला ठरवावंच लागतं, कारण मागे बायको असते, जमीन असते, पेन्शन असते. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर पत्नीला निकाह रद्द करून मागता येतो. पुराव्याच्या कायद्यात सात वर्षांचा हिशेब आहे. ज्यांना एरवी खबर मिळाली असती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर माणूस मरण पावला असं धरता येतं. चार वर्षं पत्नीसाठी, सात वर्षं वारसांसाठी. आईबापांनी शोध कधी थांबवावा याची मुदत मात्र कुठल्याच कायद्यात नाही.

आमच्या मालगुंड-जयगडच्या पट्ट्यात खबर न येणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथली मुलं आधी बोटीवर गेली, नंतर आखातात गेली. पत्राची, मनीऑर्डरची आणि आता व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणांची वाट पाहणं घराघरांत आहे. पण समुद्राने माणूस नेला तर समुद्राला जाब विचारता येत नाही. सरकारच्या माणसांनी नेला असेल तर विचारता येतो, निदान कायदा तसं म्हणतो. त्या जाबाचं नाव हेबियस कॉर्पस. लॅटिनमधल्या या शब्दांचा साधा अर्थ : ताब्यातल्या माणसाचा देह कोर्टासमोर आणा. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात आणि कलम २२६ खाली उच्च न्यायालयात हा अर्ज करता येतो. तीन घरांनी तो केला. त्यातून कुणाला काय मिळालं, हे एकाशेजारी एक ठेवून पाहण्यासारखं आहे.

पहिलं घर केरळातलं. पी. राजन हा कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी. आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी त्याला नेलं. त्याचे वडील टी. व्ही. ईचरा वारियर हिंदीचे प्राध्यापक होते. ते पोलिस अधिकाऱ्यांकडे गेले, मंत्र्यांकडे गेले. प्रत्येक ठिकाणी मुलगा आमच्याकडे नाही, हेच ऐकायला मिळालं. कोर्टात जावं तर २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगून टाकलं की आणीबाणीत हेबियस कॉर्पस मागण्याचा हक्क नागरिकाला उरत नाही. तो एक मतभेद न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि त्याच महिन्यात वारियर यांचा अर्ज केरळ उच्च न्यायालयात दाखल झाला. न्यायालयाने राजनला हजर करा असा आदेश दिला. मग सरकारला कबूल करावं लागलं की तो कक्कयमच्या पोलिस छावणीत मेला. मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना एप्रिल १९७७ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

राजनचा मृतदेह कधीच मिळाला नाही. वारियर २००६ साली वारले, तोपर्यंत ते तोच प्रश्न विचारत होते. पण अर्ज दाखल झाल्यापासून काही आठवड्यांत एका सरकारच्या तोंडून सत्याचा एक तुकडा तरी बाहेर पडला.

दुसरं घर आपल्या मराठवाड्यातलं, परभणीचं. ख्वाजा युनूस सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, दुबईत नोकरी करणारा, सुट्टीवर घरी आलेला. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बसमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि दोन माणसं मेली. त्या गुन्ह्यात डिसेंबरच्या अखेरीस युनूसला पोटा कायद्याखाली अटक झाली. ६ जानेवारी २००३ नंतर तो कुणाला दिसला नाही. पोलिसांचं म्हणणं असं की तपासासाठी औरंगाबादला नेताना अहमदनगर जिल्ह्यात पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याच्याबरोबर अटकेत असलेल्या एका डॉक्टरांनी कोर्टात वेगळं सांगितलं. कोठडीत त्याला बेदम मारताना आणि रक्ताची उलटी करताना आपण पाहिलं, अशी त्यांची साक्ष आहे.

घरच्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. वडील गेल्यावर सगळा भार आई आसिया बेगम यांच्यावर आला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीआयडीने तपास केला आणि पळून गेल्याची गोष्ट रचलेली आहे, युनूस कोठडीत मेला, असा निष्कर्ष काढला. चौदा पोलिसांवर ठपका आला. सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांवर. हे चौघे आरोप नाकारतात. दरम्यान २००५ साली घाटकोपर स्फोटाच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे युनूसबरोबर ज्यांना पकडलं ते घरी परतले, आणि तो परतला नाही.

२०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने आसिया बेगम यांना एकूण वीस लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. उरलेल्या पोलिसांवरही खटला चालवा ही त्यांची मागणी मान्य झाली नाही, म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१८ मध्ये खटल्यातले विशेष सरकारी वकील बदलण्यात आले आणि काम रेंगाळलं. जून २०२० मध्ये निलंबित असलेल्या चौघांना पुन्हा नोकरीवर घेतलं गेलं. त्यावर या आईने न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज केला. मुलगा गेला त्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

तिसरं घर मुंबईतल्या वर्सोव्याचं. हामिद निहाल अन्सारी हाही इंजिनिअर आणि वयही जवळपास तेवढंच, सत्तावीस. ४ नोव्हेंबर २०१२ ला तो नोकरीच्या निमित्ताने काबूलला जातो म्हणून घरातून निघाला. काही दिवसांत फोन बंद झाला. त्याची आई फौजिया अन्सारी हिंदीच्या प्राध्यापिका. त्यांनी आणि घरच्यांनी त्याचा कॉम्प्युटर उघडला, फेसबुकवरचे संदेश वाचले, तेव्हा उलगडा झाला. पाकिस्तानातल्या कोहाटची एक मुलगी ऑनलाइन ओळखीची झाली होती, तिचं जबरदस्तीने लग्न होणार होतं आणि हा तिला भेटायला निघाला होता. व्हिसा नव्हता. अफगाणिस्तानच्या बाजूने तो सरहद्द ओलांडून गेला आणि त्याच्याजवळ बनावट ओळखपत्र होतं. हे बेकायदा होतंच, आणि घरच्यांनी ते लपवलंही नाही. कोहाटच्या एका हॉटेलातून १४ नोव्हेंबरला त्याला उचललं. त्यानंतर तो आमच्याकडे आहे असं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

इथे दोन देशांमधला कागद पाहायला हवा. मे २००८ मध्ये भारत आणि पाकिस्तानने कैद्यांबाबत करार केला. अटकेची खबर लगेच द्यायची, तीन महिन्यांत दूतावासाच्या माणसाला भेटू द्यायचं, दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या. समुद्रात सीमा ओलांडली म्हणून पकडलेल्या मच्छीमारांची नावं याच याद्यांतून कळतात. पण त्याच करारात असंही आहे की अटक राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणाने असेल तर प्रत्येक बाजू तो प्रश्न आपल्या परीने तपासून ठरवेल. त्या एका वाक्याआड माणूस वर्षानुवर्षं दिसेनासा होऊ शकतो. भारताने हामिदला भेटू द्या म्हणून ९६ वेळा लेखी मागणी केली, असं पुढे सांगण्यात आलं.

फौजियाबाईंनी वाट पाहत बसण्याऐवजी अर्ज केले. दिल्लीत केले, इस्लामाबादला केले. लाहोरची तरुण पत्रकार झीनत शहजादी हिने स्वतःहून या कुटुंबाशी संपर्क साधला, आईचं मुखत्यारपत्र घेतलं आणि तिथल्या बेपत्ता लोकांच्या चौकशी आयोगापुढे प्रकरण नेलं. पेशावर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला, वकील काझी मुहम्मद अन्वर. जानेवारी २०१६ मध्ये सरकारी वकिलांनी न्यायालयाला सांगितलं की हामिद लष्कराच्या ताब्यात आहे. मुलगा हरवला त्याला तीन वर्षं दोन महिने झाले होते. मुलगा मिळाला नव्हता, पण खबर मिळाली होती. पुढे कळलं की लष्करी न्यायालयाने बंद दाराआड त्याला हेरगिरीच्या आरोपाखाली तीन वर्षांची शिक्षा दिली आहे. तिची मुदत १५ डिसेंबर २०१८ ला संपली आणि १८ डिसेंबरला तो वाघा सरहद्दीवर आईवडिलांना भेटला.

या शोधाची एक किंमत लाहोरमध्ये मोजली गेली आणि ती विसरता कामा नये. १९ ऑगस्ट २०१५ रोजी कामावर निघालेली झीनत स्वतःच बेपत्ता झाली. मुंबईच्या आईसाठी धावणाऱ्या मुलीची आई आता लाहोरमध्ये तोच प्रश्न विचारू लागली. घर कोसळलं. तिच्या धाकट्या भावाने मार्च २०१६ मध्ये आत्महत्या केली. झीनत ऑक्टोबर २०१७ मध्ये अफगाण सरहद्दीजवळ सापडली.

म्हणून ही तुलना पाकिस्तानच्या कौतुकासाठी नाही. त्या देशात बेपत्ता लोकांसाठी वेगळा आयोग नेमावा लागतो, यातच सगळं आलं. आपल्या न्यायालयानेही युनूसच्या घराला मोकळ्या हाताने परत पाठवलं नाही, चौकशी लावली, भरपाई दिली. तरीही एक गोष्ट डोळ्यांत भरते. परदेशी, शत्रू समजल्या गेलेल्या देशातल्या न्यायालयात महाराष्ट्रातल्या एका आईला ‘तो कुठे आहे’ याचं उत्तर सरकारच्या तोंडून मिळालं. स्वतःच्या राज्यात दुसऱ्या आईला पैसे मिळाले, ते उत्तर मिळालं नाही. भरपाईचा हुकूम सरकारने भरायचा असतो. उत्तर त्या रात्री कोठडीत असलेल्या माणसांनी द्यायचं असतं, आणि त्यांना बोलतं करणं हे खटल्याचं काम आहे. वीस वर्षं उलटली तरी तो खटला निकालापर्यंत पोहोचला नव्हता.

अशा आईबापांना आपल्याकडे लोक एकच सांगतात : सब्र करा. सांगणाऱ्यांनी सूरा यूसुफ पुन्हा वाचावी. हजरत याकूब यांचा सब्र आपण नेहमी सांगतो. मुलाच्या दुःखाने त्यांची दृष्टी गेली हेही सांगतो. पण त्याच याकूब यांनी आपल्या मुलांना यूसुफचा शोध घ्यायला पाठवलं, निराश होऊ नका असं बजावलं, हे सांगायचं राहून जातं. त्यांच्या सब्रमध्ये शोध होता. आसिया बेगम कोर्टात तारखेला जात राहिल्या, तो याच जातीचा सब्र आहे. शेजाऱ्यांनी, जमातीने त्यांच्या सोबत तारखेला जावं, एवढं तरी नक्कीच करता येतं.

ज्यांची मुलं दूर आहेत त्यांनी फौजियाबाईंकडून एक शिकावं. पासपोर्टची, व्हिसाची, नोकरीच्या कराराची प्रत घरात ठेवा. खबर थांबली की पोलिसात मिसिंगची तक्रार द्या आणि तिची प्रत मागून घ्या. परदेशात असेल तर परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा, दूतावासाला लिहा. प्रत्येक अर्जावर तारीख आणि पोचेचा शिक्का असू द्या. माणूस कुणाच्या ताब्यात असल्याची शंका असेल तर वकिलाकडे जायला उशीर करू नका. तोंडी विचारलेला प्रश्न नाकारता येतो, पोच असलेला अर्ज नाकारणं अवघड जातं.

उरतं ते सरकारचं काम. माणसांना बेपत्ता करण्याविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २०१० पासून अमलात आहे. नातेवाइकांना सत्य जाणून घेण्याचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भारताने फेब्रुवारी २००७ मध्ये त्यावर सही केली. सही झाली, पण मंजुरी दिलेली नाही, त्यामुळे तो आपल्यावर बंधनकारक नाही. पाकिस्तानने तर सहीही केलेली नाही. कोठडीतला माणूस कुठे आहे हे त्याच्या आईला सांगणं, यासाठी खरं तर कुठल्या कराराची गरज पडू नये. कालिकतच्या वडिलांना सरकारकडून अर्धंच उत्तर मिळालं आणि ते उरलेलं अर्धं विचारत गेले. परभणीच्या आईला सीआयडीच्या कागदावर उत्तर दिसलं, पण मुलाची कबर कुठे आहे हे सांगायला कुणी पुढे आलेलं नाही.