अश्वगंधेतील संकरज ओज

भिन्न आनुवंशिक घडणीच्या दोन वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी आई-बापांपेक्षा जोमदार निघणे, म्हणजे संकरज ओज. मुळांसाठी लावल्या जाणाऱ्या अश्वगंधेत (विथानिया सोम्निफेरा, गुणसूत्रे ४८) मुळाची लांबी, जाडी व सुके वजन यांवर ते मोजतात. समजा, आई-बापांची मुळे ४ व ६ ग्रॅम आणि संकराचे ७ ग्रॅम भरले, तर सरासरीवर ४० टक्के, पण सरस पालकावर जेमतेम १७ टक्के वाढ होते. पैदासकार दुसरा आकडा महत्त्वाचा मानतात.

अश्वगंधा मुख्यतः स्वपरागित आहे. त्यामुळे फूल उमलण्यापूर्वीच चिमट्याने परागकोश काढून कळी पिशवीत झाकतात आणि नंतर निवडलेल्या वाणाचे पराग कुक्षीवर लावतात. एका फळात अनेक बिया मिळतात. तरी हाताने केलेले हे बियाणे महाग पडते. पुढच्या पिढीत जोम ओसरतो. म्हणून चांगल्या संकरातून निवड करत स्थिर वाण घडवणे अधिक व्यवहार्य ठरते. नुसते वजन पुरत नाही : जाड, आतून पांढरे, कटकन मोडणारे मूळ चढ्या भावाने जाते, तंतुमय मूळ मागे पडते.

संकराचा जोम पुढच्या पिढीत टिकत नसल्याने दारव्हा (जि. यवतमाळ) परिसरातील कापूस उत्पादकांना संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, हे ठाऊकच आहे. विदर्भात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान अश्वगंधेसारख्या औषधी वनस्पतींसाठी परिचित आहे. निचऱ्याच्या हलक्या जमिनीत अश्वगंधेचे पीक साधारण १५०–१८० दिवसांत उपटणीला येते.