मुक्कामी गाडी : खान्देशातील एसटीचा इतिहास

खान्देशच्या नकाशावर रेल्वेची रेघ शोधली, तर रावेरचा अपवाद वगळता ती तापीच्या दक्षिणेलाच आढळते. उत्तरेकडील यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा ही गावे तिच्यापासून वंचित राहिली.  धुळ्याची कथा आणखी विलक्षण. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते ज्या शहरापाशी एकमेकांना छेदतात, तेथे रेल्वे मात्र चाळीसगावहून निघालेल्या एका फाट्याच्या रूपाने येऊन थांबली. खान्देशात एसटीला जे स्थान लाभले, त्याचे मूळ या भूगोलात आहे.

स्वातंत्र्यापूर्वी रस्त्यावर खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. गाडी भरेल तेव्हा निघायची आणि मालक सांगेल ते भाडे द्यायचे, असा तो कारभार. तत्कालीन मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेतली आणि १ जून १९४८ रोजी अहमदनगरच्या माळीवाड्यातून पहिली गाडी पुण्याकडे निघाली. लाकडी सांगाडा, कापडी छत, ३० आसने. आणि रंग? निळा व चंदेरी. ‘लाल परी’चा लाल रंग पुढचा आहे.

पूर्व आणि पश्चिम खान्देश हे जिल्हे याच राज्यात होते. १९६० नंतर त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. एसटीच्या धुळे विभागाने मात्र ही फाळणी मनावर घेतली नाही : नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा ही आगारे त्याच्याकडेच राहिली.

या सेवेचे खरे वैभव मुक्कामी गाडीत होते. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी आडगावी पोचे आणि रात्र तेथेच काढी. चालक-वाहक गाडीतच, नाहीतर देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर पथारी टाकत. गावाचे घड्याळ तिच्यावर लावले जाई. पहाटे तीच गाडी भाजीच्या पाट्या, दवाखान्याला निघालेले म्हातारे आणि कॉलेजची मुले घेऊन परते. तालुक्याच्या गावी खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबेही तिच्यातूनच येत. कळण्याची भाकरी आणि ठेचा वाहकाच्या भरवशावर इतके मैल निर्धास्त प्रवास करी. आखाजीला माहेरी निघालेल्या लेकी आणि सारंगखेड्याच्या यात्रेला लोटणारी गर्दी यांच्यासाठी जादा गाड्या सुटत. त्या दिवसांत खिडकीतून टाकलेला रुमाल हाच आरक्षणाचा कायदा असे, आणि तो बहुधा पाळलाही जाई.

मुलींच्या शिक्षणाशी या गाडीचा संबंध थेट आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण शाळकरी मुलींना मोफत पास मिळू लागला. पाचवी-सातवीनंतर ‘शाळा लांब आहे’ हे कारण देणे बापाला अवघड झाले. ही व्यवस्था किती नाजूक आहे, हे २०२१ मध्ये दिसले. करोनानंतर ४ ऑक्टोबरला शाळा उघडल्या आणि महिनाअखेरीस विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तुटपुंज्या, तीही उशिरा मिळणाऱ्या पगारावर घर चालवणाऱ्यांची ती हाक अन्यायाची म्हणता येत नाही. पण मुलींच्या दप्तरातील पास त्या काळात निरुपयोगी ठरले. संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. काळी-पिवळीचे भाडे ज्यांना परवडले त्या वर्गात पोचल्या. उरलेल्या घरीच राहिल्या.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत लागू झाली. त्यानंतर धुळ्याच्या किंवा जळगावच्या स्थानकात गाडी लागताच दाराशी पुढे सरसावणारी रांग बहुतांशी बायकांची असते.