गाडी बापाच्या नावची, चालवतो पोट्टा

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. योगायोग पाहा, गाडीचा सक्तीचा विमाही १ जुलैचाच! १९३९ च्या मोटार कायद्यातलं ते प्रकरण १ जुलै १९४६ ला लागू झालं.

तेव्हा काळजी होती रस्त्यावरच्या माणसाची. गाडीनं कुणाला उडवलं अन् मालक कंगाल निघाला, तरी त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी. म्हणून विमा गाडीचा झाला. इंग्लंडात तरुण पोरांचा हप्ता भारी पडतो, म्हणून तिथं काही जण बापाच्या नावानं विमा काढतात. आपल्याकडे सक्तीच्या विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, वयावर नाही. इथं गाडी बापाच्या नावची, कारण सोयाबीनचा पैसा अन् सातबारा त्याचा.

खरी गोम पुढं आहे. २००९ च्या निंगम्मा खटल्यात एक जण दुसऱ्याची मोटरसायकल मागून नेत होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली अन् तो गेला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मागितलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी असतो, ‘तिसरा पक्ष’ नव्हे.

मग २०१८ पासूनचं १५ लाखांचं मालक-चालक कवच? ते फक्त नोंदणीतल्या मालकाला, तेही त्याच्याकडे लायसन असलं तरच. गावात कितीक बापांकडे लायसनच नाही! म्हणजे रिसोड रोडवर पोट्टा स्वतःच घसरला, तर त्या कवचातून घरी रुपयाही येत नाही.

पोराचं लायसन निघालं असेल तर आरसी अन् विमा दोन्ही त्याच्या नावावर करून घ्या. नसेल जमत, तर पोराचा वेगळा अपघात विमा एजंटला या आठवड्यातच विचारा.